इमानाचा मिस्त्री

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर, आणि तालुक्याची कचेरी पांढरकवड्यात. सातबाऱ्यावर केळापूर, एसटीच्या पाटीवर पांढरकवडा. नवा माणूस बदली होऊन आला की पहिले काही दिवस ह्या दोन नावांच्या मधेच कुठेतरी हरवलेला असतो. हवाई दलात असताना रजेचा अर्ज भरायचो तेव्हा मी तालुका केळापूर लिहायचो, बसस्थानक पांढरकवडा आणि रेल्वे स्टेशन नागपूर, म्हणजे तिथून आणखी दीडशे किलोमीटर. तेजपूरचा कारकून अर्जाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघायचा. ह्याला नक्की कुठे जायचंय हे ह्यालाच ठाऊक नसावं, असा त्याचा समज झाला होता.

मला स्वतःला त्यात वावगं काही वाटत नसे. नाव एका गावी आणि काम दुसऱ्या गावी, ही आमच्याकडची जुनी वहिवाट आहे. पुढे मीही त्याच वहिवाटीला लागलो. पेन्शनच्या कागदावर मी भारतीय हवाई दलाचा निवृत्त सार्जंट, इंजिन फिटर. प्रत्यक्षात गेली काही वर्षं एका जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या यंत्रांना ग्रीस लावतो.

ह्या प्रवासाची सुरुवात आजीपासून करायला हवी. तांबरमला विमानाचं इंजिन शिकून पहिल्या रजेवर घरी आलो, तेव्हा आजी ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. आमच्याकडे जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात.

"तू इमान उडवतं काय रे?"

"नाही आजी. मी इमान दुरुस्त करतो."

सूप थांबलं. "म्हंजे बिघडलेलं इमान?"

"हो."

आजीनं मान हलवली आणि पुन्हा पाखडायला लागली. "बिघडलेलं इमान कधी दुरुस्त होते काय, बापा?"

मी हसलो, आईही हसली. आजी काही हसली नाही. तिनं एक खडा वेचला आणि बाहेर फेकला.

गावाचा गोंधळ आजीपेक्षा वेगळा होता. गावाच्या हिशेबी फौजेत गेलेला माणूस म्हणजे बंदूकवाला. "भाऊ, किती मारले?" हा प्रश्न मला पोळ्याच्या दिवशी बैलांच्या रांगेतसुद्धा विचारला गेला आहे. वीस वर्षांत माझ्या हातात बंदूक आली ती नेमबाजीच्या सरावापुरती, आणि त्या सरावात शत्रूला घाबरण्यासारखं काही घडलं नाही. हातात खरं काय असायचं, तर पाना, आरसा, टॉर्च आणि लॉकवायर. लॉकवायर म्हणजे नट ढिला होऊ नये म्हणून त्याला पीळ देऊन बांधायची बारीक तार. पीळ असा द्यायचा, की नट सैल व्हायला निघाला तर तार ताणली जाऊन त्याला परत कसायलाच ओढते. मिग-२१ ला इंजिन एकच. वर ते बंद पडलं तर रस्त्याच्या कडेला लावायची सोय नसते. त्यामुळे ही तार आमच्या बोटांत मुरली होती. रजेत घरी आलो की डवऱ्याचे बोल्ट, विहिरीवरची मोटर, फाटकाचा कोयंडा, सगळ्यांना मी लॉकवायर मारून जायचो. वडिलांना पुढच्या हंगामात डवऱ्याची फास बदलायची असली की ते आधी मला शिव्या घालत आणि मग पक्कड शोधत.

आमचं सगळं जग एका वहीत मावायचं. तिचं नाव फॉर्म ७००. प्रत्येक विमानाचा आपापला. उड्डाणाआधी काय तपासलं, उतरल्यावर काय पाहिलं, कुठला स्नॅग म्हणजे बिघाड निघाला, कुणी काढला, कुणी तो निघाल्याची खात्री केली, सगळं त्यात, आणि प्रत्येक ओळीपुढे सही. काम करणाऱ्याची वेगळी, तपासणाऱ्याची वेगळी. शेवटी वैमानिक येतो, पानं चाळतो, आपली सही करतो आणि शिडी चढतो. त्या क्षणापर्यंत विमान आमचं असतं. तो आमच्याकडे नीट बघतोच असं नाही. आमच्या सह्यांकडे मात्र बघतो.

विमान कुठे पडल्याची बातमी आली, की रात्री आईचा फोन यायचा. "तू नव्हता न त्यात?"

"आई, मी आत बसतच नाही."

"मंग ठीक हाय," म्हणून ती निवांत झोपायची. मला झोप येत नसे. अपघात झाला की सगळ्यात आधी त्या विमानाचा फॉर्म ७०० ताब्यात घेतात. देशात कुठेही, कुठल्याही विमानाला काही झालं, तरी आपण काल कशाकशावर सही केली ते अंथरुणात पडल्या पडल्या आठवत राहायचं, ही आमच्या धंद्यातली जपमाळ.

एकदा राजस्थानातल्या थंडीत संध्याकाळचं काम संपवून हत्यारं मोजली, तर एक छोटा स्क्रूड्रायव्हर कमी. माझाच. हत्यार सापडल्याशिवाय विमान उडत नाही आणि माणूस घरी जात नाही. मी जाऊन सांगितलं. उघडलेली पॅनेलं पुन्हा उघडली, टॉर्च लावून हवेचा मार्ग पाहिला, फरशी झाडली. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. रात्री एक वाजता चहा आला. पेला घ्यायला वाकलो आणि मांडीला काहीतरी टोचलं. डांगरीच्या फाटक्या खिशातून स्क्रूड्रायव्हर अस्तरात उतरला होता. आमचे वॉरंट ऑफिसर जवळ आले. आता काय बोलतात म्हणून मी डोळे मिटून घेतले. ते म्हणाले, "कल सुई-धागा ले के आना." दुसऱ्या दिवशी परेडनंतर, सगळ्या हँगरदेखत, मी स्वतःचा खिसा शिवला. अजूनही शर्ट विकत घेताना मी कापड नंतर बघतो, आधी खिसा आतून चाचपतो.

वीस वर्षांचा करार संपला तेव्हा मी एकोणचाळिसाव्या वर्षात होतो. बाहेरच्या जगात ह्या वयाला माणूस बढतीची वाट बघत असतो. आमच्यात त्याला हार घालून, जेवण देऊन निरोप देतात. मग तो नातेवाइकांच्या घरी जातो आणि ते विचारतात, "रिटायर? तब्येत बरी आहे न?"

सरकारनं माझ्यासाठी काही केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. संरक्षण मंत्रालयाचं एक आख्खं पुनर्वसन महासंचालनालय आहे. ते निवृत्तीआधी कोर्स करवतं. त्याच्या योजनांत सुरक्षा एजन्सी आहे, पेट्रोल पंप आहे, कोळशाची वाहतूक आहे. पंधरा वर्षं सेवा झाली की मॅट्रिक झालेला माणूस क गटाच्या नोकऱ्यांसाठी पदवीधर धरला जातो. म्हणजे मी कॉलेजची पायरी न चढता पदवीधर झालो, फक्त कुठल्या विषयाचा हे कुणी लिहून दिलं नाही. सरकारी बँकांत कारकुनाच्या जागांत माजी सैनिकांना साडेचौदा टक्के आरक्षण आहे, त्याखालच्या जागांत साडेचोवीस. त्या अर्ध्या टक्क्याच्या खुर्चीवर कोण बसत असेल, ह्याचा मी फार विचार केला आहे. माझ्या बॅचचा एक रेडिओ फिटर बँकेत लागला. तो अजूनही कॅश मिळवताना शेवटची नोट उजेडात धरून तिच्याकडे वायरिंग बघावं तसा बघतो.

मला मात्र विमान सोडायचं नव्हतं. नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, तिथल्याच मिहान प्रकल्पात प्रवासी विमानांच्या देखभालीची केंद्रं उभी राहिली आहेत. दीडशे किलोमीटरवर विमानांचं माहेर असताना आपण तुरीच्या शेंगा का मोजाव्यात? एका खाजगी कंपनीत मुलाखतीला गेलो. समोर माझ्या पुतण्याच्या वयाचा, अतिशय सभ्य मुलगा.

"लायसन्स कुठलं आहे, सर?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. प्रवासी विमान सोडण्याची सही करायला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स लागतं. त्याच्या परीक्षा आहेत, एकेक मोड्यूल सोडवायचं. लष्करी विमानांवरचा अनुभव नियमांत धरतात, पण त्याला जोडून नागरी विमानांवरचाही लागतो. वीस वर्षांत मी किती हजार सह्या केल्या असतील कुणास ठाऊक. हवाई दलाच्या दरवाज्याच्या अलीकडे त्या सगळ्या खऱ्या होत्या. पलीकडे माझी सही म्हणजे नुसता हस्ताक्षराचा नमुना.

"आणि कुठल्या विमानावर काम केलंय?"

"मिग-२१."

तो थोडा थांबला. "ते आमच्याकडे येत नाही, सर," असं इतक्या हळुवारपणे म्हणाला, की मलाच त्याची दया आली. जे माझ्यापेक्षा शहाणे होते, त्यांनी नोकरीत असतानाच रात्री जागून ती मोड्यूलं सोडवली. आज ते मोठ्या विमानांवर सह्या करतात. मी त्या रात्री कॅरम खेळलो. कॅरममध्ये माझा हात अजून चांगला आहे.

परतीच्या एसटीत मनाची समजूत घालायला चार्ली टेलर कामाला आला. राइट बंधूंचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांच्या विमानाचं बारा अश्वशक्तीचं इंजिन बनवलं ते त्यांच्या सायकलीच्या दुकानातल्या ह्या मेकॅनिकनं, तेही सहा आठवड्यांत. १९०३ साली विमान उडालं, राइट बंधू इतिहासात गेले, आणि चार्ली मेकॅनिकच राहिला. म्हातारपणाकडे झुकलेला असताना तो कॅलिफोर्नियातल्या एका विमानाच्या कारखान्यात साधा कामगार होता. १९३७ मध्ये हेन्री फोर्डनं त्याला बोलावून घेतलं, ते राइट बंधूंचं जुनं दुकान जसंच्या तसं उभं करण्यासाठी. चार्ली १९५६ मध्ये वारला. त्याचा वाढदिवस, २४ मे, अमेरिकेत आता विमान मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात. आमच्या धंद्यात हार मिळतो, फक्त फुलं यायला उशीर होतो.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? १८१८ च्या एप्रिलमध्ये आमच्या ह्याच पांढरकवड्याच्या मुलखात कर्नल ॲडम्सनं दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची दाणादाण उडवली. इतिहासाचं पुस्तक त्यानंतर बाजीरावाच्या मागोमाग बिठूरला जातं, जिथे त्याला वर्षाला आठ लाखांचं पेन्शन मिळालं. मी मात्र इथेच रेंगाळतो. त्या फौजेत घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद असेल, तोफेच्या गाड्याची चाकं सांभाळणारा सुतार असेल. तो माझा मूळपुरुष. पेशवाई बुडाली त्या संध्याकाळी हातोडी पिशवीत घालून तो कुठल्या गावात शिरला असेल? कुणब्याच्या बैलाला नाल ठोकताना त्यानं सांगितलं असेल का, की मी पेशव्यांच्या घोड्यांना ठोकत होतो? आणि कुणबी म्हणाला असेल, "असन बावा. पण बैलाच्या खुराले दोन भाग रायतात, तेवढं पाय."

दरम्यान मी घरीच होतो, आणि घराची अवस्था बघवत नव्हती. हँगरमध्ये प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर रंगवलेली असते. हत्यार उचललं की रिकामी आकृती ओरडून सांगते. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला फळी ठोकली आणि तिच्यावर झारा, पळी, सराटा, चिमटा, किसणी सगळ्यांच्या आकृत्या लाल रंगात काढल्या. बायकोनं दोन दिवस ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, सराटा जागेवर नाही, हे मला पोळी जळायला लागली की कळतंच. कुठे आहे ते सांगते का तुमची फळी?"

फळी ते सांगत नव्हती. म्हणून मी नोंदवही घातली. शेजारच्या काकू पुरणयंत्र न्यायला आल्या, त्यांच्यापुढे वही आणि पेन ठेवलं. नाव, वस्तू, वेळ, सही. काकूंनी सही केली, पुरणयंत्र नेलं, त्याच संध्याकाळी घासून-पुसून परत आणून दिलं आणि मग दोन महिने आमच्याकडे आल्या नाहीत. "तुम्ही एकदाचे कुठेतरी कामाला लागा," बायको म्हणाली. "पगार नाही मिळाला तरी चालेल."

अशा रीतीनं मी जिनिंगमध्ये गेलो.

जिनिंगचं काम सांगायला सोपं. शेतकऱ्याचा कापूस येतो. यंत्रातले चामड्याचे रोलर त्याचे तंतू ओढून घेतात, सुऱ्या सरकी अडवतात. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. शंभर किलो कापसातून रुई निघते तेहतीस-पस्तीस किलो, बाकी बहुतेक सरकी. रुईची प्रेसमध्ये एकशे सत्तर किलोची गाठ बांधायची की झालं. पहिल्या दिवशी मी जुन्या मिस्त्रीला विचारलं, "हे मशीन शेवटचं कधी उघडलं होतं?"

"बंद पडलं तवा."

"आणि त्याआधी?"

"त्याच्याआधी बंदच नाही पडलं न, भाऊ."

ह्या उत्तरात जराही चूक नव्हती. तरी मला रात्री झोप आली नाही. हवाई दलात चालत असलेलं यंत्र आम्ही उघडतो, कारण ते चालत असतं. तासांचा हिशेब असतो, तितके तास झाले की उघडायचं. शेठजींना हे पटवायला मला एक हंगाम लागला. "चालते न मशीन? मंग कायले उघडता?" ते कळवळून विचारायचे. धडधाकट माणसाचं पोट फाडायला निघालेल्या डॉक्टरकडे नातेवाइकांनी बघावं, तसे ते माझ्याकडे बघायचे.

पण एका गोष्टीत मी अगदी घरचा होतो. धावपट्टीवरचा खडा, नट, तारेचा तुकडा इंजिनानं आत ओढला तर पात्यांची वाट लागते. म्हणून आम्ही सकाळी ओळीनं उभं राहून, खाली माना घालून धावपट्टी वेचत चालायचो. जिनिंगला शत्रू तोच. कापसाबरोबर सुतळी येते, गुटख्याच्या पुड्या येतात, प्लॅस्टिक, कोंबडीची पिसं, एकदा तर लहान मुलाची चप्पल आली. रुईत हे गेलं की गाठीचा भाव पडतो. आणि खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली, की आजूबाजूला सगळी रुईच असते. मी सकाळची वेचणी सुरू केली. दहा बाया, सहा पोरं आणि मी, खाली माना घालून, ओळीनं.

पहिल्या दिवशी बायांमध्ये कुजबुज झाली, "फौजी भाऊचं काय हारपलं व?" कुणाला विचारायचा धीर होईना. ओळीच्या टोकाला एका मावशीनं माझ्या हातावर दहा रुपयांचं नाणं ठेवलं. "घ्या भाऊ, सापडलं एकदाचं. आता जाऊ काय कामाले?" मी ते परत देऊ लागलो, तर त्यांना वाटलं माझं याहून मोठं काही हरवलंय. दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्यांनी दुप्पट बारकाईनं शोधलं.

नोंदवही मी इथेही आणली. दोनशे पानी वही, खाकी कव्हर, वर मोठ्या अक्षरात ७००. पोरांना वाटलं ती सातशे रुपयांची आहे, म्हणून तिला जपायचे. यंत्राचा नंबर, काय काम केलं, कुणी केलं, सही. सुरुवातीला सगळ्या पानांवर एकच मजकूर असायचा, "सर्व ओके". सगळं ओके असलेल्या वहीवर माझा विश्वास नसतो. पण सही करायला सक्ती करता येते, खरं लिहायला करता येत नाही. मी रोज वही वाचायचो आणि गप्प बसायचो.

२०२५ चं नवरात्र आलं. केळापूरला जगदंबेची जत्रा भरलेली, रस्त्यानं माणसांची रीघ, आणि इकडे आमची हंगामाआधीची धावपळ. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ चा निरोप होता. १९६३ मध्ये हे विमान हवाई दलात आलं, बासष्ट वर्षं राहिलं. माझी फक्त वीस. मी रोलरशेजारी पोत्यावर बसून मोबाइलवर तो सोहळा बघत होतो. विमानं शेवटची उडाली, उतरली, त्यांच्यावर दोन्हीकडून पाण्याच्या धारा सोडल्या. मग हवाई दल प्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हाती एक वही दिली.

"काय देऊन रायले, भाऊ?" मागून आमच्या हाताखालच्या पोरानं विचारलं.

"फॉर्म ७००."

"म्हंजे आपली वही?"

"आपलीच."

त्यानं मोबाइल हातात घेऊन नीट पाहिलं. "तुमची सही असन काय तिच्यात?"

"ह्या वहीत नसेल. असल्या दुसऱ्या पुष्कळ होत्या, त्यांच्यात आहे."

"आन् काही चुकलं असन तं ते बी तिच्यात रायते?"

"राहते."

तो काही बोलला नाही. पुढच्या चित्रात भाषणं सुरू झाली, तेव्हा मी मोबाइल बंद केला, तोंड धुतलं आणि देवीला जाऊन आलो. रांग लांब होती. परतलो तेव्हा अंधार पडला होता आणि फॅक्टरीत चौकीदाराखेरीज कुणी नव्हतं. सवयीनं वही उघडली. आठ ओळी "सर्व ओके". नवव्या ओळीत त्याच पोराच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: "नऊ नंबर. रोलर आन् सुरीची गॅप पायली नाही. पायली म्हून काल लिवलं होतं." खाली सही. आणि ती सही खालून रेघ मारून पक्की केलेली, लॉकवायर मारावी तशी.

मी टॉर्च घेतली, नऊ नंबरचं झाकण काढलं. गॅप खरोखरच चुकली होती. नीट बसवायला अर्धा तास लागला. वहीत त्याच्या सहीशेजारी माझी सही केली. बाहेर जत्रेहून परतणाऱ्यांचा आवाज येत होता, आणि मला एकाएकी ओसरीवरचं ते थांबलेलं सूप आठवलं. इतकी वर्षं त्या प्रश्नाला मी नुसता हसत आलो होतो.

होते, आजी. फक्त उघडून पायलं पायजे.